नदीच्या वळणावरच्या गोधड्या

वाकळ म्हणा, गोधडी म्हणा. आपल्याकडे ती नाही असे घर विरळा. आईचे विरलेले लुगडे, बापाचे धोतर, पोराचा आखूड झालेला सदरा, जे अंगावर घालण्याजोगे राहिले नाही ते गोधडीत जाते. वर एक लुगडे, खाली एक लुगडे, मध्ये जुनेर आणि चिंध्या. मग बायामाणसे ती जमिनीवर पसरतात आणि कडेकडेने धावदोरा घालीत आत येतात. हे मी तुम्हांला सांगायला नको. वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणींनी हे काम स्वतःच्या हाताने केलेले आहे.

मी सांगणार आहे ते दुसऱ्या एका गावच्या गोधड्यांविषयी. ते गाव आपल्या देशात नाही, अमेरिकेत आहे. अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच इमारती आणि मोटारी येतात. पण तिथेही कापसाची शेती होती, दुकानदाराची उधारी होती, जप्ती होती, आणि थंडीत पांघरायला चिंध्यांची गोधडी होती. त्या गावच्या गोधड्या आज मोठमोठ्या संग्रहालयांत भिंतीवर टांगलेल्या आहेत. हे कसे झाले ते पाहू.

अमेरिकेच्या दक्षिण भागात अलाबामा नावाचे राज्य आहे. त्याच नावाची नदी त्या राज्यातून वाहते. ही नदी एके ठिकाणी घोड्याच्या नालासारखी वळते. तीन बाजूंना पाणी आणि एकाच बाजूने वाट. या वळणाच्या पोटात जे गाव आहे त्याचे नाव जीज बेंड. बेंड म्हणजे वळण. जोसेफ जी नावाचा एक गोरा जमीनदार १८१६ साली तिथे आला, त्याने कापसाचा मळा केला, म्हणून ते ‘जी’चे वळण. सरकारी दप्तरात गावाचे नाव आता बॉयकिन आहे. लोक मात्र जुनेच नाव घेतात.

मळ्यावर राबायला माणसे होती ती गुलाम. गुलाम म्हणजे नोकर नव्हे. आपण बाजारात बैल विकत घेतो, तशी तिथे माणसे विकत घेत. ही माणसे किंवा त्यांचे वाडवडील आफ्रिका खंडातून जहाजांत कोंडून आणलेले होते. १८४५ साली हा मळा कर्जापोटी जी घराण्याकडून मार्क पेटवे या जमीनदाराकडे गेला. पुढच्या वर्षी पेटवे आपला कबिला घेऊन उत्तर कॅरोलायना राज्यातून निघाला. बरोबर सुमारे शंभर गुलाम होते. मालकाचे घरचे लोक गाड्यांत बसले आणि गुलाम पायी चालले. शेकडो मैल चालले! त्यांनी मालकाचेच आडनाव लावले. म्हणून आजही त्या गावात ज्याला त्याला विचारावे तर तो पेटवे निघतो. नवराही पेटवे आणि लग्नाआधी बायकोही पेटवे, असे तिथे पुष्कळ वेळा होते.

१८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने बंद झाली. पण जमीन मालकाचीच राहिली. जे काल गुलाम होते ते आज बटाईने कापूस करू लागले. बी-बियाणे, पीठ, मीठ दुकानदाराकडून उधार आणायचे आणि कापूस आला की त्याच्या पदरात टाकायचा. हिशेब दुकानदाराच्या वहीत. आपले कर्ज किती फिटले आणि किती राहिले हे ज्याला वाचता येत नाही त्याने कुणाला विचारावे? हा प्रकार आपल्या वडीलधाऱ्यांनाही चांगला ठाऊक होता.

पुढे कापसाचा भाव पडला. १९३२ साली गावाला उधारी देणारा दुकानदार वारला, आणि त्याच्या बायकोने एकदम सगळी बाकी मागितली. देणार कुठून? मग माणसे गाड्या घेऊन गावात आली. सुमारे साठ कुटुंबांच्या घरांतून खेचरे, गाई, डुकरे, कोंबड्या, अवजारे, मका, बियाणे, जे हाती लागले ते उचलून नेले. तो हिवाळा गावाने रेडक्रॉसने दिलेल्या पिठावर काढला. तिथला हिवाळा लाकडी घरांत काढायचा म्हणजे सोपे नव्हे. फळ्यांच्या फटींतून वारा येई. बाया भिंतींना आतून वर्तमानपत्रे चिकटवीत. आणि रात्री पांघरायला एकावर एक गोधड्या.

आता या गोधड्या कशा करीत ते सांगतो. आपल्या रीतीशी ताडून पाहा.

वरचा पदर आधी करायचा. तो ज्या बाईचा तिचा. जुन्या पाटलोणी, सदरे, झगे, पिठाची आणि साखरेची पोती, खताची पोती, यांचे तुकडे फाडून ती एकटी आपल्या घरी ते जोडीत बसे. कुठला रंग कुठे यावा, कुठली पट्टी आडवी लावावी, हे सगळे तिच्या मनावर. आत भरायला कापूस हवा. गाव कापूस पिकवणारे, पण चांगला कापूस विकायचा. म्हणून जिनात जमिनीवर सांडलेला, झाडून काढलेला मातकट कापूस आणायचा आणि काठीने बडवून पसरायचा. खाली अस्तर, बहुतेक पोत्याचेच. मग चार काठ्यांच्या चौकटीवर ते सगळे ताणून बांधायचे आणि शेजारणींना हाक मारायची. वरचा पदर एकटीचा, पण टाके घालणे सगळ्यांचे. चार जणी चौकटीच्या चार अंगांना बसत, टाके घालता घालता देवाची गाणी म्हणत. आज हिची, उद्या तिची. आपण शेतात इर्जिक घालतो ना, तशीच ही सुईदोऱ्याची इर्जिक.

नक्षीला त्यांची नावे होती. एका नक्षीत मध्ये चौकोन, त्याच्या भोवती पट्ट्यांचा चौकोन, त्याच्या भोवती आणखी मोठा. तिला म्हणत ‘घराचे छप्पर’. विटांच्या थरांसारखी दिसणारी ‘गवंडी’. नुसत्या सरळ पट्ट्या जोडल्या तर तिचे नाव ‘आळशी पोरगी’! पण नाव एक असले तरी दोन गोधड्या सारख्या होत नसत. पुस्तकात पाहून किंवा फूटपट्टीने मोजून कुणी करीत नसे. पट्टी वाकडी गेली तर वाकडी. कापड संपले तर दुसऱ्या रंगाचे. त्या बाया म्हणत, ही माझ्या रीतीची. मला विचाराल तर त्या गोधड्यांचे सौंदर्य इथेच आहे. मोजूनमापून केलेल्या वस्तूला अशी कळा येत नाही.

या शेकडो गोधड्यांपैकी एका गोधडीची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

मिझुरी पेटवे या बाईंचा नवरा आठ महिने अंथरुणाला खिळून होता. तो वारला. घरात लेकरे, आणि मागे ठेवायला त्याच्यापाशी काय होते? शेतात घालायचे कपडे. निळ्या जाड कापडाच्या पाटलोणी, गुडघ्यावर विटलेल्या, ठिगळे लावलेल्या. आणि सदरे. मिझुरीबाईंनी ठरवले की ह्या कपड्यांची गोधडी करायची. त्याची आठवण राहील, आणि त्याच्या मायेखाली निजता येईल. सतरा-अठरा वर्षांची मुलगी अर्लोन्झिया हिला त्यांनी मदतीला घेतले. पाटलोणीचा पाय वर रुंद आणि खाली चिंचोळा असतो. मुलीने तो उसवून, कापून, सारख्या पट्ट्या करायच्या आणि आईने जोडायच्या. होते नव्हते ते सगळे कपडे लागले आणि बरोबर एक गोधडी झाली. हे १९४२ सालचे. मोठेपणी अर्लोन्झियाबाई स्वतः नावाजलेल्या कारागीर झाल्या आणि ही हकीकत त्यांनीच लोकांना सांगितली.

ती गोधडी आजही आहे. तिचे चित्र पाहिले तर कळते. निळा रंग कुठे गडद, कुठे धुऊन धुऊन पांढुरका. जिथे खिसा उसवला तिथे मूळचा गडद रंग, कारण तेवढ्या जागेला ऊन लागले नव्हते. माणूस कुठे वाकला, कुठे टेकला, हे कापडावर उमटलेले असते. फोटो काढायला पैसे नव्हते त्या घरांत असे कापड हाच फोटो.

दरम्यान गावात एक चांगली गोष्ट घडली होती. १९३२ च्या जप्तीनंतर गावाची दैना सरकारच्या कानांवर गेली. १९३७ साली सरकारने मळ्याची जमीन विकत घेतली, नवी घरे बांधली, शाळा काढली, आणि पुढच्या काही वर्षांत ती जमीन आणि घरे गावकऱ्यांनाच थोड्या व्याजाच्या हप्त्यांनी दिली. गुलामांची नातवंडे जमिनीची मालक झाली. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या गोष्टीत ते फार उपयोगी पडले.

पुढची गोष्ट मताची. आपल्या देशात स्वातंत्र्य आले आणि १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत वयात आलेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषाला मत मिळाले. सही येवो न येवो, कुणी विचारले नाही. चिन्ह पाहिले, मत टाकले. अमेरिकेसारख्या जुन्या लोकशाहीत मात्र काळ्या माणसाला मतदार यादीत नाव घालायला गेले की परीक्षा द्यावी लागे. राज्यघटनेतला एखादा अवघड उतारा काढायचा आणि म्हणायचे, वाच आणि अर्थ सांग. गोऱ्या अधिकाऱ्याने नापास म्हटले की नापास. शिवाय त्या भागात आणखी एक अट होती. आधीच्या एखाद्या मतदाराने तुमची ओळख द्यायला हवी. काळा मतदार एकही नाही, आणि गोरा ओळख देत नाही. मग नाव लागणार कसे? जीज बेंड ज्या विल्कॉक्स जिल्ह्यात आहे तिथे काळ्यांची वस्ती गोऱ्यांहून जास्त. तरी १९६५ च्या सुरुवातीला मतदार यादीत एकही काळा माणूस नव्हता.

अडाणी ठेवायचे आणि अडाणी म्हणून हक्क नाकारायचा. साक्षरतेचा असा उपयोग करणाऱ्यांचा मला, मास्तर म्हणून, फार राग येतो.

जिल्ह्याची कचेरी कॅमडेन गावात, नदीच्या बरोबर पलीकडे. मध्ये तर होती. तरीत बसले की थोड्या वेळात पैलतीर. गावकरी नावे नोंदवायला जाऊ लागले तशी १९६२ साली ती तर बंद झाली. मग रस्त्याने वळसा घालायचा, साठ किलोमीटरच्या वर. ज्यांच्यापाशी गाडी नाही त्यांनी काय करावे? तरीही लोक गेले. १९६५ च्या फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंग त्या गावात आले. महात्मा गांधींच्या मार्गाने काळ्या लोकांचा लढा चालवणारे हेच ते पुढारी. त्या रात्री मुसळधार पाऊस होता, तरी लोक देवळात जमले आणि त्यांचे भाषण ऐकले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत मताच्या हक्काचा कायदा झाला आणि परीक्षेची ती रीत मोडली.

या लढ्यात जीज बेंडची माणसे इतकी पुढे का होती? घर त्यांचे स्वतःचे होते. आजूबाजूच्या गावांत जे लोक गोऱ्याच्या जमिनीवर कूळ म्हणून राहत होते, त्यांनी यादीत नाव घातले की मालक त्यांना घराबाहेर काढी. अशी कित्येक कुटुंबे उघड्यावर आली.

आणि इथे गोधडी पुन्हा येते. १९६५ च्या डिसेंबरात फ्रान्सिस वॉल्टर नावाचे एक गोरे पाद्री, लोकांवर झालेल्या अन्यायाची माहिती लिहून घेत त्या भागात फिरत होते. एका घराबाहेर दोरीवर तीन गोधड्या वाळत घातलेल्या त्यांना दिसल्या. त्यांना वाटले, ही वस्तू शहरात नक्की विकली जाईल. त्यांनी बायांकडून दहा-दहा डॉलरला गोधड्या विकत घेतल्या आणि न्यूयॉर्क शहरात त्यांचा लिलाव केला. दहा डॉलर ही रक्कम मोठी नव्हे, पण त्या बायांना गोधडीचे रोख पैसे प्रथमच हातात मिळत होते. १९६६ च्या मार्चमध्ये बायांनी आपली सहकारी मंडळी उभी केली. तिचे नाव फ्रीडम क्विल्टिंग बी. फ्रीडम म्हणजे स्वातंत्र्य, क्विल्ट म्हणजे गोधडी, आणि बी म्हणजे मिळून काम करायला जमलेली मंडळी. एस्टेल विदरस्पून या बाईंनी ही मंडळी पुष्कळ वर्षे सांभाळली.

मंडळीने काय केले पाहा. १९६८ साली तेवीस एकर जमीन घेतली. तिच्यावर शिवणाची इमारत बांधली, आणि काही तुकडे कुणाला विकले? मतासाठी घराबाहेर काढलेल्या कुटुंबांना. सुईच्या कमाईने घराची जागा झाली. पुढे लेकुरवाळ्या बायांसाठी पाळणाघरही निघाले.

मात्र सगळेच गोड होते असे नाही. न्यूयॉर्कच्या दुकानदारांना माल एकसारखा हवा. नक्षी ठरलेली, टाके ठरलेले. ‘माझ्या रीतीची’ गोधडी तिथे चालेना. १९७२ साली सीअर्स या मोठ्या दुकानाचे उशांचे अभ्रे शिवायचे काम मिळाले. कापड कॉर्ड्रॉयचे, म्हणजे उभ्या रेघांचे जाड मखमलीसारखे. दिवसभर तेच तेच अभ्रे. पण उरलेल्या चिंध्या बायांनी घरी नेल्या आणि संध्याकाळी त्यांच्या आपल्या मनाच्या गोधड्या केल्या. त्या जाड, सोनेरी-हिरव्या-तपकिरी गोधड्यांना आज मोठी किंमत आहे. दुकानात गेलेले अभ्रे कुठे गेले कोण जाणे. मंडळी २०१२ साली बंद झाली.

तोवर बाजारात गिरणीची ब्लँकेटे आली होती. घरोघर जुन्या गोधड्या गादीखाली आणि पलंगाखाली पडून राहिल्या. कापूस जाळला की धुराने डास पळतात, म्हणून काही बाया त्या जाळीतही. १९९८ साली विल्यम आर्नेट नावाचे संग्राहक एका छायाचित्राचा माग काढीत गावात आले. लाकडाच्या ढिगावर टाकलेली एक गोधडी, एवढेच त्या चित्रात होते. ती अ‍ॅनी मे यंग या बाईंची निघाली. बाईंनी आदल्याच आठवड्यात काही गोधड्या जाळल्या होत्या. त्यांना वाटले, तीही त्यांत गेली. दुसऱ्या दिवशी सगळे घर शोधले तेव्हा ती सापडली. कामाच्या जुन्या कपड्यांचीच होती ती. बाई म्हणाल्या, न्या, फुकट न्या. आर्नेट यांनी त्या आणि आणखी काही गोधड्यांचे काही हजार डॉलर दिले.

२००२ साली ह्यूस्टन शहराच्या कलासंग्रहालयात या गावच्या गोधड्यांचे प्रदर्शन भरले. त्याच वर्षी ते न्यूयॉर्कला गेले. मोठमोठ्या चित्रकारांच्या चित्रांशी जाणकारांनी त्यांची तुलना केली. गावच्या म्हाताऱ्या बाया बसने प्रदर्शन पाहायला गेल्या आणि आपली अंथरुणे भिंतीवर टांगलेली त्यांनी पाहिली. २००६ साली अमेरिकेच्या टपालखात्याने या गोधड्यांची दहा तिकिटे काढली.

नाव झाले की पैशाचा प्रश्न येतोच. गोधड्यांची नक्षी गालिच्यांवर आणि घरातल्या दुसऱ्या वस्तूंवर छापून विकली जाऊ लागली. त्यातला आमचा वाटा नीट मिळाला नाही, असे म्हणून २००७ साली काही बायांनी आर्नेट यांच्यावर कोर्टात दावे लावले. आर्नेट यांनी आरोप मान्य केला नाही. २००८ साली दावे कोर्टाबाहेर मिटले. कोण किती खरे हे इथे बसून मी ठरवणार नाही. पण वस्तू विकणे वेगळे आणि वस्तूची नक्षी विकणे वेगळे. एकदा गोधडी दिली की गोधडी गेली. नक्षीचा हक्क कुणाकडे राहिला, हे कागदावर काय लिहिले आहे त्यावर ठरते. आपल्याकडे वाकळी घेऊन शहरातल्या प्रदर्शनाला जाणाऱ्या बचतगटांनी हे वाचून ठेवण्यासारखे आहे.

बंद पडलेली तर २००६ साली, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी, पुन्हा सुरू झाली. २०१९ पासून तिला विजेचे यंत्र आहे. गावात आता वस्ती थोडी आहे. तरणी माणसे कामासाठी शहरांत गेली. तरी गोधड्या होतात, आणि २०२१ पासून काही बाया इंटरनेटवरून थेट गिऱ्हाइकाला विकू लागल्या.

पूर्वी वसंत ऋतू आला की गावातल्या बाया हिवाळाभर वापरलेल्या गोधड्या उन्हाला बाहेर काढीत. कुंपणावर, दोरीवर, झाडावर. त्या दिवसांत बाया एकमेकींच्या अंगणांवरून मुद्दाम चालत जात. कुणी काय नवीन केले ते बघायचे, आणि घरी येऊन आपल्या रीतीने करून पाहायचे. २०२२ सालापासून ऑक्टोबर महिन्यात त्याची जत्राच भरते. गावभर दोऱ्या बांधतात, आजीच्या, आईच्या आणि नव्या गोधड्या त्यांवर घालतात. दूरदूरचे लोक त्या पाहायला येतात, विकतही घेतात, आणि ज्यांना शिकायचे असेल त्यांना बाया हातात सुई देऊन जवळ बसवतात.